गेज गरम होतं

आज मी जो कोणी आहे, तो इस्माईलचाचांमुळे आहे. रत्नागिरीकडचे हे टर्नर गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या मुलीचा, शबनमचा, फोन आला तेव्हा मी सौदीतल्या तबूकच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्याच टेबलाशी उभा होतो…

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. तालुक्याच्या गावात शिकलो. मशीन जास्त करून फळ्यावरच पाहिलं होतं. हाताला काम लावलं ते चाचांनी. आमच्या वर्कशॉपकडे नेमबाजी क्लबची परवान्याची कामं येत. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला सहा भोकं असतात. सहाही तोंडं तंतोतंत सारखी नसली, तर पाच गोळ्या एका जागी बसतात आणि सहावी भलतीकडे जाते. चाचा ती भोकं घासून सारखी करत आणि गेज, म्हणजे ठरल्या मापाची पोलादी कांडी, आत घालून बघत. बाहेरून आणलेलं गेज मात्र लगेच वापरू देत नसत. "पाहुणा उन्हातनं आलाय ना? आधी बसू दे, गार होऊ दे. मग काम सांग त्याला!" गरम गेज किंचित फुगतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं…

एकदा क्लबच्या एका वयस्क नेमबाजाचं जुनं रिव्हॉल्व्हर आलं. पाच भोकं करून चाचा दुपारच्या नमाजाला निघाले. "सहावं तू कर, इंजिनेर." तपासणीहून आलेलं गेज मी तापलेल्या गाडीतून आणलं आणि तसंच घातलं. जाईना. आणखी घासलं, आणखी घासलं, तेव्हा गेलं. चाचा परतले तोवर गेज निवलं होतं आणि भोकात ढिलं हलत होतं. त्या जुन्या रिव्हॉल्व्हरला दुसरं सिलिंडर मिळणार नव्हतं.

वर्कशॉपच्या मालकानं मोडक्या हिंदीत विचारलं, "कौन किया?" माझा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, अजून व्हायचा होता. मी तोंड उघडण्याआधीच, खरं तर मी उघडणार नव्हतोच, चाचा म्हणाले, "मैं किया, साब." मालक म्हणाला, "खलास. आजपासून सिलिंडरला हात नाही."

बाहेर मी कसाबसा म्हणालो, "चाचा, मी सांगतो त्यांना."

"गप रे. मला हाकललं तर मी घरी जाईन. तुला हाकललं तर तू काय तोंड घेऊन जाशील?"

त्यांना हाकललं नाही. गावी परतेपर्यंत दोन वर्षं ते कोपऱ्यात पाइपांना आटे पाडत राहिले. त्यांचं टेबल मला मिळालं. नवी पोरं त्यांना 'ढिला चाचा' म्हणत, आणि मी ऐकून मान खाली घालत असे. "सांगतो" म्हणालो होतो. सांगितलं कधीच नाही.

ते गावी गेल्यावर सुट्टीला निघालेल्या एकाबरोबर मी पत्र पाठवलं होतं. फोनवर शबनम म्हणाली, "अब्बांना दिसत नव्हतं, मीच ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचे. संपलं की ते विचारायचे, मागच्या बाजूला काही लिहिलंय का?"

ते पत्र असं होतं :

"आदरणीय चाचांना सलाम. मी मजेत आहे. पगार वाढला, आता वर्कशॉपचा मुख्य झालो. सोबत खजूर पाठवतोय. तुम्ही साखर सांभाळून खा. इथे सगळे तुमची आठवण काढतात. बाकी ठीक. कळवण्यासारखं विशेष काही नाही.

तुमचा, इंजिनेर"