हरिश्चंद्र तांडेल आणि तिसरी गोळी

जयगडचा हरिश्चंद्र बत्तीस वर्षं होडीवर आहे. त्यातली चौदा तांडेल म्हणून, म्हणजे होडी कुठे न्यायची ते तोच ठरवतो. मी त्याचा जुना दोस्त, बंदरावर गोणी वाहिल्या. माणूस किती जोर लावतो ते मला लांबून कळतं. हरिश्चंद्र पूर्ण जोर लावणारा. विश्वास मात्र कोणावर ठेवत नाही. बर्फाची लादीसुद्धा स्वतः उचलून बघतो, मगच घेतो.

मे महिन्यात त्याला होडीवर चक्कर आली. रत्नागिरीच्या दवाखान्यात प्रेशर एकशे ऐंशी निघालं, साखरही वाढलेली. डॉक्टर दर्शनांनी प्रेशरच्या दोन गोळ्या सुरू केल्या, मीठ कमी करायला आणि तंबाखू सोडायला सांगितलं. त्याने तंबाखू सोडली. तरी जुलैत आकडा एकशे बहात्तर.

"तिसरी गोळी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "त्याआधी पुढच्या आठवड्यात गोळ्यांची सगळी पाकिटं आणा, काकींनाही आणा. असंच राहिलं तर मासेमारीची बंदी उठली तरी ऑगस्टात समुद्रावर जायचं नाही."

बाहेर येऊन तो मला म्हणाला, "होडीच्या मालकानं शिकवून ठेवलंय हिला. त्याला पुतण्याला तांडेल करायचाय."

"तिला तुझा मालक ठाऊक तरी आहे का?"

"तुला काय कळतंय? गोणी उचलल्यास तू."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं. मग दोन्ही दंडांवर, तीन वेळा प्रेशर मोजलं. काम चोख होतं. तरी एकशे सत्तर. पाकिटं उलटीसुलटी करून त्यांनी रिकामी भोकं मोजली.

"काका, गोळ्या खरंच पोटात जातात ना?"

"म्हणजे मी खोटारडा?"

त्याची बायको कमळा पुढे सरकली. "माझ्यासमोर घेतात हो. आमटीत मीठसुद्धा टाकत नाय मी. शिव्या घालत जेवतात."

"आमटीबरोबर काय असतं?"

"पावसाळ्याच्या बंदीत ताजी मासळी कुठली? खारा बांगडा. रोज दोन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकी, तो मिठातच मुरवलेला असतो ना?"

"तो मासा झाला," हरिश्चंद्र म्हणाला. "मीठ आमटीत असतं."

डॉक्टर हसल्या नाहीत. तिसरी गोळी त्यांनी लिहिलीच नाही. "बांगडा बंद. दोन गोळ्या चालू. तीन आठवड्यांनी बघू."

जुलैच्या शेवटच्या दिवशी आकडा एकशे चौतीस आला.

"जा समुद्रावर," डॉक्टर म्हणाल्या. "दोर, जाळं सध्या ओढायचं नाही. महिन्याने परत या."

हरिश्चंद्र उठेना. "एवढं कसं उतरलं? दुसऱ्या मशीनवर बघा."

नर्सने दुसरं मशीन आणलं. एकशे छत्तीस.

"बघ, दोन वाढले," तो माझ्या कानात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडी निघाली. तांडेल तोच. खलाशी नांगर ओढत होते, ढिलेपणाने. याचे हात शिवशिवताना मला धक्क्यावरून दिसले. त्याने दोराला हात लावला नाही. तोंडाने मात्र चौघांना सोलून काढलं.