फुग्याचे पाच आठवडे

सांगलीच्या सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी बोलता बोलता हात थांबवला, तेव्हा मला सहावा महिना लागला होता. त्यांनी घरच्यांना आत बोलावलं. नवरा फौजेत, दूर सीमेवर. म्हणून सासूबाई आल्या.

"छाती आणि पोट यांच्यामधला पडदा एका बाजूला नीट तयार झालेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतडी वर छातीत सरकलीयत. फुप्फुसाला वाढायला जागाच नाही."

"मग त्यो जीव श्वास कसा घेतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"पोटात असेपर्यंत नाळ सगळं पुरवते. प्रश्न जन्मल्यावरचा आहे."

पुण्याच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. दुर्बिणीनं पोटातल्या बाळाच्याच श्वासनलिकेत एक इवलासा फुगा बसवायचा. फुप्फुसातलं पाणी अडतं आणि त्या दाबानं फुप्फुस वाढतं. "खात्री नाही देत," ते म्हणाले, "पण संधी वाढते."

फोनवर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या अंगावर होणार सगळं. तू म्हणशील ते." मी हो म्हटलं.

कमरेखाली बधिर केलेलं, मी जागी होते. समोरच्या स्क्रीनवर ओठ दिसले, मग जीभ. बाळाचा चेहरा पाहण्याआधी मी त्याची जीभ पाहिली.

पुढचे पाच आठवडे सासूबाई आणि मी पुण्यात हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहिलो. अचानक कळा आल्या तर आधी फुगा काढायला हवा, नाहीतर जन्मल्यावर श्वासच घेता येणार नाही. सासूबाई रोज माझ्या पोटावर हात ठेवून सांगायच्या, "घाई करू नगंस. हितंच निवांत ऱ्हा." प्रत्येक तपासणीत फुप्फुस जरासं वाढलेलं असायचं. आम्ही तेवढ्यावर जेवायचो.

फुगा ठरल्या वेळी निघाला. आठच दिवसांत कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. ती रडणार नाही, लगेच नळी घालावी लागेल, हे मला आधीच सांगितलं होतं. तरी मी कान देऊन पडून होते.

नवरा सुट्टी काढून दुपारी पोचला. काचेपलीकडे तिची छाती मशीनवर थरथरत होती. फुप्फुस थोडं वाढलं होतं, पण त्यातल्या रक्तवाहिन्या उघडत नव्हत्या. ऑपरेशन करून तो पडदा शिवायचा तर आधी ती सावरायला हवी होती. ती सावरली नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता मशीननं तिला फक्त त्रास होतोय. जवळ घ्या."

नळ्या काढून तिला माझ्या मांडीवर दिलं. नवऱ्यानं तिचं पाऊल मुठीत धरलं. सासूबाई खाली वाकल्या.

"बाराव्या दिसाची वाट बघत न्हाई मी," म्हणाल्या, आणि तिच्या कानात नाव सांगितलं. ते आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. थोड्या वेळानं तिची छाती हलायची थांबली.

आम्ही घरी, इस्लामपूरला परतलो. दुसऱ्या दिवशी मला दूध आलं. ते आटावं म्हणून सासूबाईंनी जुनी साडी फाडून माझ्या छातीभोवती घट्ट पट्टा बांधला. गाठ मारेपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.