स्टिअरिंगवरचे हात

भाऊजी अमेरिकेहून आले की आमच्या विलायतेतल्या, पिनरच्या घरात पोलिसांचंच संमेलन भरायचं. ते तिकडे कॉलेजात गुन्हेगारी आणि पोलीस हा विषय शिकवायचे, पेपरात लिहायचे, अधूनमधून टीव्हीवरही दिसायचे. दिसले की ताई त्याची कॅसेट न विसरता बरोबर आणायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी नवा फ्रॉक आधी तिला, मग तिचा उतरलेला मला. नवऱ्यांच्या बाबतीतही तसंच झालं असं मी म्हणणार नाही. माझा नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, भला माणूस. पण त्याच्या नुसत्या बोलण्यानेही माणसं झोपायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. त्या खेपेला भाऊजींकडे नवा विषय होता. तिकडच्या मोठ्या शहरांत गुन्हे कमी होऊ लागले होते.

"प्रत्येक पोलीसप्रमुख म्हणतोय, माझा कोंबडा आरवला म्हणून उजाडलं," ते पुरी मोडत म्हणाले. "कुणी म्हणतं, आधी फुटक्या काचा बसवा, भिंती रंगवा, बिनतिकिटांना धरा, मोठे गुन्हे आपोआप थांबतात. असेलही. पण त्या नादात रोज कुणाची पोरं भिंतीशी उभी केली जातात, ते बघा. आणि तक्रार करायची कुणाकडे? पोलिसांची पोलिसांकडेच. कुंपणानेच शेत खाल्लं तर?"

माझी लेक तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला होती. ती हातातला घास विसरून ऐकत होती. "काका, पण रिफॉर्म म्हणजे एक्झॅक्टली काय? ट्रेनिंग बदलायचा, का माणसं?"

"आधी जाब द्यायची सवय लावायची. मग बाकीचं."

तिने मान डोलावली. माझ्या पोटात जळजळ झाली, आणि ती पुऱ्यांची नव्हती. हेच मी म्हटलं असतं तर "आई, नॉट नाउ" म्हणून ती वर खोलीत गेली असती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

फुटक्या काचांचं तर मला कुणी शिकवायला नको होतं. ऐंशीच्या दशकात, आम्ही या घरात नवे असताना, कुणीतरी वीट मारून आमच्या पुढच्या खोलीची काच फोडली होती. एक कॉन्स्टेबल आला. मी त्याला चहा दिला, बरोबर चकल्या. त्याला चकली इतकी आवडली की वीट राहिली बाजूला. हा किस्सा मी मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, सगळीकडे सांगत असे आणि बायका हसून बेजार होत.

जेवणं आटोपली तेव्हा लेकीने जाहीर केलं. पुढचं शिक्षण अमेरिकेत, काकांच्याच डिपार्टमेंटमध्ये. राहणं मावशीकडे.

"मावशीने माझा रूम पण ठरवला आहे."

"आमचं घर रिकामंच असतं गं," ताई मला म्हणाली. तिचा मुलगा लांब शिकायला गेला होता. मला ही एकच मुलगी, आणि ताईला आता तीही हवी होती. मी खरकटी ताटं जरा जोरातच उचलली.

दुसऱ्या दिवशी स्टॅनमोरला ओळखीच्यांकडे चहाला जायचं होतं. नवरा ऑन कॉल. भाऊजींनी भाड्याची गाडी घेतली होती, तेच चालवत होते. रस्ता दाखवायला मी पुढे बसले, ताई आणि लेक मागे. परतताना एका चौकातल्या राउंडअबाउटला भाऊजी तिकडच्या सवयीने उजवीकडून शिरले. मी ओरडले, समोरचा थांबला, आम्ही कसेबसे बाहेर पडलो, आणि मागे पोलिसांच्या गाडीचा निळा दिवा लागला.

भाऊजींनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बोटं पसरून.

"काच खाली करा ना, तो येतोय," मी म्हटलं.

"पर्समध्ये हात घालू नकोस," ते ओठ न हलवता म्हणाले. "हात दिसतील असे ठेव."

कॉन्स्टेबलने काचेवर टकटक केली. भाऊजी बंद काचेतून मोठ्यांदा म्हणाले, "ऑफिसर, आय ॲम गोइंग टू लोअर द विंडो नाउ." मग सावकाश, एका हाताने हँडल फिरवलं. लायसन्स कुठल्या खिशात आहे आणि कुठल्या हाताने काढणार, हेही त्यांनी आधी सांगितलं. समोरच्याच्या कमरेला तिकडच्या पोलिसांसारखं पिस्तूल नव्हतंच. तो बावचळून त्यांच्याकडे बघत राहिला.

"यू ऑल राइट, सर?"

राउंडअबाउटला डावीकडून जायचं असतं एवढं सांगून तो गेला. भाऊजींचे हात तिथेच होते.

"गेला तो. सोडा आता," ताई मागून हळूच म्हणाली. ही तिची पहिली वेळ नव्हती, ते तिच्या आवाजावरूनच कळलं.

"मुलाला गाडी शिकवली तेव्हा आधी हे शिकवलं," भाऊजी म्हणाले. "ब्रेक नंतर."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. टीव्हीवरचा माणूस साध्या ट्रॅफिकच्या पोलिसापुढे घामाघूम झाला होता. आता पोरगी कशाला जातेय तिकडे, असं मनाशी म्हणत मी वळून पाहिलं. ती पुढे वाकली होती आणि तिने भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला होता. असा हात तिने माझ्या खांद्यावर कधी ठेवला होता, ते मला आठवेना. त्या घाबरलेल्या माणसाचाही मला हेवा वाटला.

घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बघितलंस ना? आता तरी जाऊ नकोस."

"म्हणूनच जायचं आहे, आई. काकांना एवढं सगळं माहिती आहे, अँड स्टिल त्यांचे हात तसे होते. का, ते मला कळायला हवं."

"हातच बघायचे तर एवढ्या लांब कशाला जायला हवं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग सांगावंच लागलं. वीट आली तेव्हा ती सोफ्यावर झोपली होती, काचांपासून हातभर अंतरावर. कॉन्स्टेबल आला तेव्हा माझे हात असे कापत होते की कपबशा वाजू नयेत म्हणून मी ट्रे पोटाशी धरून उभी होते. तक्रार केली तर वीट मारणारे पुन्हा येतील, हीच धास्ती. म्हणून मीच त्याला म्हटलं, मुलं खेळत असतील. आणि त्याने पुढे काही विचारू नये म्हणून चकल्यांचा डबा उघडला.

पुढे सप्टेंबरात ती गेलीच. पण त्या संध्याकाळी ती वर खोलीत गेली नाही, सिंकला टेकून सगळं ऐकत उभी राहिली.

"पण आई," ती म्हणाली, "तू तर ते नेहमी हसत सांगायची."