प्रॉम्प्टरभाऊंचं फ्रेंच

फ्रान्समधल्या माणसांनीसुद्धा क्रियापदाचं जे रूप बोलायचं सोडून दिलंय, ते रोज सकाळी दात घासून झाले की निष्ठेनं म्हणणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो चामोर्शीत माझा घरमालक आहे. मोठ्यानं म्हणणारा असं लिहिणार होतो, पण आमचे घरमालक मोठ्यानं काहीच म्हणत नाहीत. उभं आयुष्य त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून काढलं. धानाची कापणी झाली की इकडे गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं होतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात, पाठांतर करणार कधी? म्हणून पडद्याआड बसायचं, नाटकाचं पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि प्रत्येकाचं वाक्य त्याच्या अर्धा श्वास आधी कुजबुजायचं, हे भाऊंचं काम. गुडघे दुखायला लागले तशी नाटकं सुटली, पण कुजबुज सुटली नाही. आठवडी बाजारात ते वांग्याचा भाव इतक्या हळू विचारतात की भाजीवालीही गुपित सांगितल्यासारखा भाव सांगते, आणि दोघं काहीतरी चोरीचा माल घेत-देत आहेत असं बघणाऱ्याला वाटतं.

दुसऱ्याचं वाक्य अडलं की भाऊंना बघवत नाही. एकदा कुणाच्या तरी शोकसभेत वक्ते गहिवरून मध्येच थांबले. सगळे माना खाली घालून बसलेले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हलकेच आवाज आला, "पोकळी निर्माण झाली आहे." वक्त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पोकळी निर्माण झाली आहे." माझ्या दुकानात तर हे रोजचंच. मी शिंपी, दुकान भाऊंच्याच ओसरीवर. एक मास्तर पँट घेऊन आले आणि "जरा कमरेत..." म्हणून लाजले. भाऊ खुर्चीतून पुटपुटले, "दोन इंच सोडा." मास्तर म्हणाले, "हां, दोन इंच सोडा." घरमालकीणबाई आतून ऐकत असतात. त्या म्हणतात, "जनमभर दुसऱ्याईचे डायलाग बोलले. मी काय बोलून राह्यली ते तरी कधी ऐका."

पण मला त्या कुजबुजीची निंदा करवत नाही. मी कागलकडचा, नववीत शाळा सोडलेला. एका वसतिगृहाचे गणवेश शिवायला म्हणून कुणीतरी मला इकडे आणलं, ते काम हुकलं आणि मी या जंगलाच्या मुलखात एक शिलाई मशीन आणि पोटातला गोळा घेऊन उभा राहिलो. माझा स्वभाव घाबरट. गिऱ्हाईक आलं नाही तर भीती, आलं तर कापड बिघडेल ही भीती. तेव्हा भाऊंनी ओसरी दिली आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की मला पाठीमागून वाक्य मिळायचं, "कवा पाहिजे तुमाले, असं विचार." मी ते म्हणायचो. इथली बोली मी अशी उसन्या वाक्यांवर शिकलो, आणि आजही एखाद्या गिऱ्हाइकाशी धीटपणे बोललो की ते धारिष्ट माझं की भाऊंचं, हे मला नीट सांगता येत नाही.

तर फ्रेंच. भाऊंची मुलगी नागपुरात फ्रेंच शिकली, फ्रान्सलाच नोकरीला गेली, तिकडच्याच मुलाशी लग्न करून राहिली. तिची मुलगी, म्हणजे भाऊंची नात, आता आठेक वर्षांची. तिला फ्रेंच येतं आणि मराठीतलं 'आजोबा' एवढं येतं. व्हिडिओवर ती दिसली की भाऊ फोन बाईंच्या हातात द्यायचे आणि स्वतः फोनच्या मागे जाऊन उभे राहायचे. नातीशी आपल्याला बोलता यावं, याशिवाय त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माळ्यावरून मुलीचं जुनं व्याकरण काढलं. पाहतात तो वाळवीनं पुढची पानं फस्त केलेली. "उधईनं वर्तमानकाळ खाल्ला," भाऊ मला म्हणाले, "भविष्यकाळ खाल्ला. पण याले तिनं तोंड लावलं नाई." हा म्हणजे 'अँपार्फे द्यु स्युब्जाँक्तिफ'. होऊन गेलेल्या दिवसांतल्या इच्छा, शंका आणि भीती ज्यात सांगायच्या ते क्रियापदाचं रूप. फोनवर सगळं फ्रेंच फुकट शिकवतात, हे मी सुचवून पाहिलं. पण प्रॉम्प्टरचा विश्वास हातातल्या कागदावर. फोनचा उपयोग त्यांनी फक्त उच्चार ऐकण्यापुरता केला.

मला आधी हसू यायचं, मग कुतूहल वाटायला लागलं, कारण ते रूप बनवायची रीत थेट शिंपीकामाची निघाली. गोष्टीच्या पुस्तकात जो भूतकाळ असतो, त्यातलं 'तू'चं रूप घ्यायचं, हे झालं अंग. त्याला 'स्स'ची बाही जोडायची आणि ज्याच्या त्याच्या मापाचं टोक लावायचं. 'बोलणं' घेतलं तर पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियाँ, पार्लासिए, पार्लास. 'तो' आणि 'ती' एवढ्यांनाच बाही नाही. त्यांना शेवटी एक 'त', तोही मुका, आणि स्वराच्या डोक्यावर छोटी टोपी. क्रियापदांची घराणी तीन, आ, ई आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा ऊ. 'येणं' आणि 'धरणं' ही दोन मात्र आपापल्या खानदानासकट वेगळी राहतात, नाकातून बोलतात. मी काज करत ऐकायचो. एकदा मी विचारलं, "पण भाऊ, हे लावायचं कुठं?" भाऊ म्हणाले, "तू आला तवा तुले भेव वाटत होतं ना, का दुकान चालते का नाई? ते चालणं झालं नव्हतं, नुसतं तुह्या भेवात होतं. अशा न झालेल्या गोष्टीचं हे रूप." मी सुई खाली ठेवली. माझ्या पोटातल्या गोळ्यासाठी कुणीतरी दूरदेशी अख्खं क्रियापद कापून, शिवून ठेवलंय, हे काही मला झेपेना.

मुलीनं फोनवर समजावलं, "बाबा, ते सोडा. ते आता कुणीच बोलत नाही, फक्त पुस्तकात असतं." भाऊंचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "पुस्तकात असते, पन लोकाईले आयकू येत नाई. म्हणजे आपल्याच धंद्यातला."

यंदा हिवाळ्याच्या सुटीत मायलेकी आल्या. नात गाडीतून उतरली आणि भाऊ दिसेनात. शोधता शोधता मला ते माझ्या दुकानात, कपडे घालून बघायच्या पडद्याआड सापडले, हातात वाळवीचं पुस्तक. पोरगी ओसरीवर आली, रिळांकडे बघत उभी राहिली. पडद्यातून कुजबुज आली, "इल फोद्रे क त्यु मांझास." तू खावंस, असं व्हायला हवं. समोर बाईंनी पेरूची टोपली ठेवलेली. आता वाक्य आलं की म्हणायचं, ही माझी तिथली सवय. गळ्यात टेप, कानावर खडू, अशा अवतारात मी ते म्हणालो. पोरीनं डोळे विस्फारले आणि आईला काहीतरी विचारलं. आई हसता हसता दाराला टेकली. "ती विचारतेय, हे राजे आहेत का? असं म्हणे गोष्टीतले राजेच बोलतात." पडद्याला चेव आला. "प्ल्यु तो स्येल क ज फ्युस र्वा." मीही म्हणालो. आकाशाच्या मनात येवो आणि मी राजा होवो, असा त्याचा अर्थ मला नंतर कळला. पोरीनं मला वाकून नमस्कार केला.

पुढं दोन-तीन दिवस ती माझं बोट सोडेना. मी मशीनवर असलो की माझ्या मांडीशी बसायची, मला फुलं आणून द्यायची, आणि भाऊ पडद्यात उभे राहून वाक्यं पुरवायचे. तिला ते आजोबा म्हणून माहीत होते, जेवताना समोर बसणारे आणि काही न बोलणारे. बाईंनी एकदा पडद्याला ऐकवलंच, "नात तुमची, अन् राजा झाला टेलर." मला घास गोड लागेना. ज्या माणसानं मला तोंड दिलं, त्याच्याच नातीचं कौतुक मी उभ्या उभ्या खात होतो.

भाऊंनीच मला धंद्यातली एक गोष्ट सांगितली होती. नट विसरला तर प्रॉम्प्टरनं वाक्य पुन्हा द्यायचं, तरी नाही उचललं तर आवाज चढवायचा, लोकांना ऐकू गेलं तरी बेहत्तर, पण नाटक थांबता कामा नये. निघायच्या आदल्या सकाळी पोरगी माझ्यासमोर येऊन राजाच्या वाक्याची वाट बघत बसली. कुजबुज आली. मी गप्प बसलो. पुन्हा आली. मी सुईत दोरा ओवत राहिलो. "काऊन बोलत नाई तू?" पडद्यानं दटावलं, आणि तेच वाक्य जरा मोठ्यानं दिलं. मी घाबरलो होतो, पण तोंड उघडलं नाही. मग ते वाक्य इतक्या खणखणीत आवाजात आलं की बाई आतून झारा हातात घेऊन बाहेर आल्या. संसारात त्यांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा.

पोरगी उठली आणि तिनं पडदा सरकवला.

भाऊ तिथे पुस्तक छातीशी धरून उभे. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं काहीतरी विचारलं, अगदी साधं. भाऊंना ते कळलं नाही, कारण वर्तमानकाळ वाळवीच्या पोटात. ते माझ्याकडे बघायला लागले, पण मी काय देणार? तेव्हा ती पोरगी त्यांच्या मागे गेली, टाचा उंचावून त्यांच्या कानाशी हळूच एक शब्द म्हणाली. भाऊंनी तो म्हटला. तिनं दुसरा दिला, तोही त्यांनी म्हटला. ती पुढे येऊन, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखी मान डोलवायची आणि पुन्हा मागे पळायची. प्रश्न तिचा, उत्तरही तिचं, मधे आवाज तेवढा भाऊंचा. बाई झारा घेऊन तशाच उभ्या होत्या.

आता दर रविवारी भाऊ फोनसमोर बसतात, मागे नाही. नात त्यांना साधं फ्रेंच शिकवते, जेवलास का, ऊन आहे का, असलं. सुरुवातीला ती शेवटी एकदा तरी राजाचं वाक्य मागायची. हल्ली मागत नाही, मोठी होतेय. भाऊही तिच्या बरोबरीनं साधे होत चाललेत. परवा फोन ठेवून ते ओसरीवर आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि गिऱ्हाईक अडखळत उभं असताना त्याला वाक्य द्यायचं विसरले. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले, "साधं बोलणं लय कठीण आहे टेलर. त्यात लपायले जागाच नाई."

मला काहीतरी म्हणायचं होतं. शेजारून वाक्य येईल म्हणून मी सवयीनं थोडा थांबलो. पण भाऊ रस्त्याकडे बघत होते.