उसाच्या चेनची पिन
काल वेल्डिंगच्या दुकानापुढून जाताना तापल्या लोखंडाचा वास आला आन् ती पिन आठवली. गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात ऊस ओढायच्या चेनची पिन तुटली, गाळप थांबलं आन् तिथला फिटर आमच्या भट्टीवर पळत आला. मी सांडशीत लोखंड धरून बारक्या हातोडीनं जागा दाखवायचो आन् बायको तिथंच घण मारायची. त्या दिवशी दोन टोले राहिले असताना तिनं घण खाली ठेवला. "लाली गेली. परत तापवा." फिटरची घाई चाललेली. मी त्याच्यादेखत खेकसलो, "लोहार मी का तू?" "तुमीच. पण गार लोखंडावर मारलं की आत चीर पडती. मी न्हाई मारणार." मग मीच घण उचलून दोन टोले हाणले. पाण्यात घालताच पिन तडकली. ती परत भाता ओढायला बसली. दुसरी पिन तिच्या म्हणण्यानं तापवून केली, ती लय चांगली झाली. फिटर जाताना म्हणला, "मिस्त्री, हात हाय बरं का तुमचा!" मी ते ऐकून घेतलं. तिला जाऊन सहा महिने झाले. हात तिचा हाय, एवढं मी तवा तिच्यासमोर त्याला सांगाया पायजे होतं.