दुधाच्या पिशवीतली काकडी

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाची पिशवी कापत होते. पलीकडून तिचा मुलगा महेश एवढंच म्हणाला, "मावशी, आई गेली... चहा टाकायला उठली आणि तिथेच बसली." मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर बघितलं, तर पिशवीचा कोपरा मी छाटला होता आणि तो चिमुकला तुकडा बेसिनमध्ये पडला होता. ताई समोर असती तर त्यावरून माझी हजेरी घेतली असती. "शशे, कोपरा छाटतात होय गो? वरून सरळ काप. नीट कापलीस तर पिशवी राहते, नायतर कचरा होतो." तिच्या या पिशवीपुराणाला मी वर्षानुवर्षं हसत आले होते. त्या दिवशी तो तुकडा उचलून हातात धरला आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या रडले.

कुंदाताई माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी पेणला, ती रोह्याला. मधे जेमतेम तासाभराची गाडी. तिचं माहेर खांब गावचं, अगदी रस्त्याला लागून. त्या घराच्या पडवीच्या भिंतीवर मावशी दरवर्षी काकडीचं बी राखेत कालवून थापून ठेवायची. भाकरीएवढा करडा गोळा, त्यातून बियांची टोकं डोकावणारी. राखेमुळे कीड लागत नाही आणि भिंत काही कोणी चोरून नेत नाही, असं मावशीचं म्हणणं. पुढे रस्ता रुंद झाला आणि घर गेलं. शेवटच्या दिवशी कोणी दारं काढत होतं, कोणी कौलं उतरवत होतं. ताईने स्वयंपाकघरातली सुरी घेतली, पडवीत गेली आणि भिंतीवरचं बी खरवडून पदरात घेतलं. मामा म्हणाला, "अगो, बाजारात पाकिटं मिळतात बियांची!" ताई म्हणाली, "मिळूं दे. ही काकडी नाय मिळत." खरंच नव्हती मिळत. हातभर लांब, पातळ सालीची, पिकली की पिवळीधमक, आणि कडू कधीच निघायची नाही.

रोह्यात तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, नवऱ्याच्या कंपनीतल्या तीन शिफ्टांवर चालणारं. माती नाही, अंगण नाही, आणि भिंतींना ऑइलपेंट! पहिल्या वर्षी तिने हौसेने ओट्याच्या वर राख थापली, ती सगळी भाताच्या पातेल्यात पडली. भावोजींनी हसतहसत तो भात खाल्ला असं ती सांगायची. पण बाई हटली नाही, पुढे भावोजी गेल्यावरही नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन नळावर उपड्या घालायची, वाळल्या की एका बाजूला उभी चीर देऊन ती स्टेपलरच्या पिनांनी बंद करायची आणि खाली दाभणाने दोन भोकं. माती, शेणखत, थोडा भाताचा तूस, आणि मे संपता संपता एका पिशवीत एकच बी. लावणीच्या वेळी पिना काढल्या की मातीचा गोळा अख्खा बाहेर यायचा, मूळ दुखवायचं नाही. काकडीला मुळाशी खेळलेलं खपत नाही, हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. पिशवी परत धुवून पुढच्या वर्षाला. श्रीखंडाच्या डब्यात मिरची, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेत वांगी, आइसक्रीमच्या डब्याची झाकणं खाली पाणी धरायला. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात हेच डबे रंग कालवायला लागतात, त्याला कोणी कचरा म्हणत नाही. कला म्हणतात. ताईच्या डब्यांना मात्र सगळे 'भंगार' म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत मीही होते.

बरं, हा उद्योग काही तिच्या एकटीच्या पोटासाठी नव्हता. रोपं ती वाटायची. ज्यांच्या दारात दोन हात जमीन आहे त्यांना घरी नेऊन द्यायची. चार वेल कंपाउंडच्या भिंतीवर चढवायची आणि ऋषीपंचमीला अख्ख्या बिल्डिंगला काकडी पुरवायची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, मग नांगर न लागलेली भाजी आणायची कुठून? ताईकडून! आठ दिवस आधीपासून बायका दारात. "कुंदाताई, आमच्यासाठी एक ठेवा हं." खायला सगळ्या; बी धरून ठेवायला ती एकटी. वेलावर एक काकडी पिकेपर्यंत राखायची, तर तीही कधीकधी कोणीतरी तोडून न्यायचं.

आता पुढचं सांगताना आजही माझं डोकं तडकतं, पण सांगते. या वर्षी तिने टेरेसच्या कोपऱ्यात चाळीसेक पिशव्या मांडल्या होत्या. कोणीतरी त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'टेरेस आहे की उकिरडा?' त्यावर अंगठ्यांची रांग लागली. अंगठे कोणाचे, तर ऋषीपंचमीला दारात उभ्या राहणाऱ्यांचेच! ताईचा फोन साधा, बटणांचा. तिला यातलं काही कळलं नाही. जिन्यात रोज भेटणाऱ्या एकाही माणसाला तोंड उघडून सांगावंसं वाटलं नाही, की ताई, पिशव्या जरा हलवा. ती डोळे दाखवायला माझ्याकडे पेणला आली होती, त्याच दिवशी सेक्रेटरीने माणूस लावून सगळं घंटागाडीत भरलं. रोपांना तिसरं पान फुटलं होतं, लावणी चार दिवसांवर आली होती. संध्याकाळी रोह्याला परतून ती पाणी घालायला वर गेली तर टेरेसवर नुसते ओले गोल डाग. जाब विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाला, "काकू, प्लास्टिकबंदी आहे." प्लास्टिकबंदी! त्याच्या घरी दूध काय पितळेच्या चरवीतून येतं?

तिचा फोन आला तो त्याच दिवशी. मला वाटलं रडेल, पण आवाज स्वच्छ होता. "शशे, बी हाय गो अजून थोडं. उशीर झालाय, पण लागंल. तुझ्या गॅलरीत लावू का? दहाबारा पिशव्या फक्त." मी म्हणाले, "ताई, गॅलरी आत्ताच रंगवलीय गो. मातीचे डाग पडतील. पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "व्हय, डाग पडतात खरे." आणि डॉक्टरने दिलेले डोळ्यांचे थेंब कधी घालायचे ते विचारत बसली. आमचं शेवटचं धड बोलणं ते एवढंच. त्यानंतर महिनाभरात ती गेली.

शोकसभा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाली. फ्लेक्सवर ताईचा फोटो, खाली 'निसर्गप्रेमी'. सेक्रेटरी बोलायला उभा राहिला, "ताईंनी आपल्याला हिरवाईचा वसा दिला," आणि शेवटी प्रत्येक घराला नर्सरीतून आणलेलं एकेक अशोकाचं रोप. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत! माझ्या हातात ते रोप आलं आणि मला राहवेना. मी उठून विचारलं, "या पिशव्या काळ्या आहेत म्हणून चालतात का हो? पांढऱ्या असत्या तर घंटागाडीत गेल्या असत्या ना?" कोणी खाली बघू लागलं, कोणी मोबाइलमध्ये. महेशने माझा हात दाबला. "मावशी, जाऊ दे ना." का जाऊ द्यायचं? जिवंतपणी जिला एक कोपरा दिला नाही, तिच्या फोटोला हार घालायला यांचे हात कसे धजतात? हे मी तिथे ठणकावून बोलले. पण माझ्या रंगवलेल्या गॅलरीचं बोलले नाही. सेक्रेटरीला झापायला तोंड होतं, ते सांगायला नव्हतं.

महेश पुण्याला असतो. घर भाड्याने द्यायचं म्हणून त्याने रंगारी बोलावला आणि मला भांडी आवरायला. मी माळ्यावरचे डबे काढत होते, तेवढ्यात रंगाऱ्याने कॅलेंडर उतरवलं आणि म्हणाला, "ताई, ह्यो कसला डाग हाय? खरवडू काय?" मी वळून बघितलं. कॅलेंडरच्या मागे हातभर ऑइलपेंट सुरीने खरडून काढलेला, आणि त्या उघड्या गिलाव्यावर भाकरीएवढा राखेचा गोळा. देवापुढच्या उदबत्त्यांची राख, वर्षभर साठवलेली. त्यातून बियांची टोकं डोकावत होती. "हात लावू नकोस!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की महेश आतून धावत आला. मग तिचीच सुरी घेतली आणि सगळं बी खरवडून काढलं. पदर नव्हता, ओढणीत घेतलं.

आठवडाभर दुधाच्या पिशव्या वरून सरळ कापत होते. त्यांतल्या अकरा आता माझ्या गॅलरीत उभ्या आहेत. समोर कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवायचं काम चाललंय, इकडे सरीगणिक पिशव्यांतली माती उडून माझी नवी भिंत बरबटतेय. हंगाम टळून गेलाय, हे मलाही कळतं. काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी खालून काढलेला माझ्या गॅलरीचा फोटो टाकला. खाली प्रश्न, 'हे काय मांडून ठेवलंय?' मी चष्मा लावला आणि उत्तर लिहिलं, 'काकडी.' अकरा पिशव्यांतून अजून एकही कोंब वर आलेला नव्हता.