लाल बोअरखालची पट्टी

पुरुषोत्तमभाऊंचा नंबर मोबाइलवर दिसला. सख्ख्या बहिणीशी, कुंदाशी, कित्येक वर्षं न बोललेला हा माणूस मला कशाला फोन करेल? "नसीमबाई, कुंदा गेली," ते म्हणाले. "झोपेतच... शेजारच्याचा फोन आला. तुम्ही चंद्रपुरातच आहा, तिच्यापाशी जाऊन बसा. मी राजुऱ्याहून निघून राह्यलो."

पाणी-माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कुंदाचं आणि माझं टेबल शेजारी होतं. ती फटकळ होती, हसायची मोठ्यानं, आणि डबा नेहमी माझाच खायची. राजुऱ्याजवळच्या तिच्या माहेरच्या बोअरचं पाणी तिनं तपासलं, त्या दिवशी मात्र डब्याला हात लावला नाही. दात आणि हाडं खराब करणारं फ्लोराइड फार होतं, क्षारही. भावाच्या शेतातला तो बोअर. त्यावर मिरची पिकायची आणि सगळी वस्ती पाणी भरायची. अशा बोअरच्या पाइपाला 'पिऊ नका' ही खूण म्हणून लाल रंग मारावा लागे. "दुसऱ्या कोणाला पाठवूया," मी म्हटलं. "काऊन? बोअर माह्या भावाचा आहे म्हणून?" तिनं विचारलं आणि लाल रंगाचा डबा जीपमध्ये ठेवला.

आम्ही पोहोचलो तेव्हा बातमी आधीच पोहोचली होती. माणसं जमली होती. भाऊ बोअरच्या पाइपासमोर हात पसरून उभे.

"आमच्याच बोअरले लाल रंग? दुसरे बोअर नाई दिसले तुले?"

"दिसले, दादा. तिथीही लावला. सरक."

"मंग लोकं पितील काय? तुह्या कचेरीतलं पाणी?" मागून कुणीतरी ओरडलं. जीपच्या बोनेटवर थाप पडली. आमच्या ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मी कुंदाचा दंड धरून तिला मागं ओढलं, तिनं तो सोडवून घेतला. "नाल्याकाठची जुनी विहीर गोड आहे. गाळ काढा. मीबी येतो दोर घेऊन," ती म्हणाली. "पण हे पिऊ नका. आपल्या पोरांचे दात पाहा." भाऊ हलले नाहीत. तेवढ्यात वहिनी, भाऊंची बायको, घरातून भिंतीला धरत धरत आल्या. ताठलेले गुडघे ओढत नवऱ्यापर्यंत गेल्या. "लावू द्या तिले," एवढंच म्हणाल्या आणि रंगाचा डबा स्वतः हातात धरला. भाऊ बाजूला झाले. कुंदानं पाइप रंगवायला घेतला. ब्रशचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

कुंदा तेवढ्यावर थांबली असती तर... पण ती थेट शेताच्या उताराकडच्या पट्टीत गेली. काळ्या मातीवर मिठासारखा पांढरा थर आला होता. "दादा, हे पाणी पाटानं भरभरून देतोस. पाणी उडून जाते, खार इथीच राह्यते. नुसतं ठिबक लावून भागणार नाई, मग खार झाडाच्या बुडाशी साचते. खालच्या अंगानं चर खोद. ही पट्टी काही वर्षं पावसावर सोड, हिरवळीच्या खताचा ढेंचा पेर, पावसाचं पाणी खार धुऊन नेईन."

"मिरची सोडू? पाणी चोरलं, आता जमीनबी घे," भाऊ म्हणाले. "पुन्हा या घरी येऊ नको."

ती त्या घरी पुन्हा गेली नाही. विहिरीचा गाळ काढायला मात्र गेली, वस्तीच्या दुसऱ्या टोकानं. वर्षं सरत गेली. राखीचं पाकीट दरवर्षी पोस्टात टाकायची, उत्तराबद्दल मी विचारलेलं तिला आवडत नसे.

तेराव्या दिवशी, तेरवीला, मी भाऊंच्या घरी गेले. जेवणं झाल्यावर भाऊ म्हणाले, "चला बाई, काही दाखवतो." चिखलातून ते पुढं, मी मागं. उताराच्या पट्टीत कमरेएवढा ढेंचा उभा होता. खालच्या अंगाला खोल चर, पावसाचं पाणी त्यातून नाल्याकडे वाहत होतं. काही टापू अजून उघडे होते, पण पांढरा थर विरला होता.

"तिसरा पावसाळा आहे," भाऊ म्हणाले. "पीक आलं की बोलावीन म्हटलं. रिकाम्या शेतात काय बोलावू तिले..." ते पाठ फिरवून उभे राहिले.

कुंदाची एक खोड होती. कोणत्याही पाण्याचा थेंब ती आधी जिभेवर ठेवायची. प्रयोगशाळेत बसून असलं करतेस, म्हणून मी किती चिडायचे. मी चराच्या काठाशी वाकले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं. शेतातलं मीठ वाहून चाललं होतं.